वेळापत्रकाचा असाही उपयोग : आचार्य जगदीशचंद्र बोस

आमच्या घरी एक लोखंडी कपाट आहे, त्याला सौ. 'अपूर्णांक' म्हणतात. आत अर्धवट सोल्डर केलेले बोर्ड आहेत, कधीकाळी एफ.एम. ट्रान्समीटर होणार होती अशी एक गुंडाळी आहे, पाण्याच्या टाकीचा अलार्म आहे (टाकीत तार सोडायची राहिली) आणि एका इन्व्हर्टरचे नुसतेच खोके आहे. मी रेल्वेत सिग्नल खात्यात आहे, डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. ड्यूटीवर हातात घेतलेले काम पुरे करूनच द्यावे लागते, कारण पलीकडे गाडी उभी असते. घरी कोणतीच गाडी उभी नसते, म्हणून काम उभे राहते. अपवाद फक्त गणपतीच्या आराशीचा. गेल्या वर्षीचे मूषकाभोवती फिरणारे दिवे स्थापनेच्या आदल्या रात्री तीन वाजता पेटले. पण पेटले.

मंडळाच्या चिटणीसांनी यंदा सुचवले की, इतकी वर्षे कोलकात्यात राहतो आहोत तर इथल्या एखाद्या थोर पुरुषावर स्मरणिकेत लिहावे. रवींद्रनाथ, विवेकानंद, नेताजी यांच्यावर आपल्या मंडळींनी पूर्वी लिहून झाले आहे. मला आठवले जगदीशचंद्र बोस. शाळेत आपण त्यांच्याबद्दल एवढेच शिकलो की, वनस्पतींना संवेदना असतात हे त्यांनी दाखवले. ते खरेच, पण त्याआधीची सहा-सात वर्षे हा माणूस माझ्याच धंद्यातला होता. बिनतारी लहरी निर्माण करणे, त्या पकडणे आणि त्यासाठी लागणारे प्रत्येक यंत्र स्वतः उभे करणे हा त्यांचा उद्योग होता. त्यातल्या एका यंत्रात त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाचे जाडजूड पुस्तक वापरले होते, हे वाचल्यावर मी त्यांच्या प्रेमातच पडलो. त्या वेळापत्रकाकडे पुढे येतोच.

जन्म 30 नोव्हेंबर 1858, पूर्व बंगालमधला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते, डेप्युटी मॅजिस्ट्रेट. मोठा विलक्षण गृहस्थ. इंग्रजी शाळेचा मान असलेल्या त्या काळात त्यांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. तिथे शेजारी बाकावर कोळ्याचा आणि घरच्या शिपायाचा मुलगा बसत असे. मुलाला शाळेत नेण्या-आणण्यासाठी जो गडी ठेवला होता तो पूर्वीचा दरोडेखोर, त्याला तुरुंगात धाडणारे स्वतः भगवानचंद्रच! बरद्वानला साथीच्या तापात पोरकी झालेली मुले पाहून त्यांनी सुतारकाम, लोहारकाम शिकवणाऱ्या कार्यशाळा काढल्या. आसामात चहाच्या मळ्यात पैसा घातला. बहुतेक उद्योग बुडाले आणि घर कर्जात गेले. म्हणजे अपूर्णांकांचे कपाट त्यांच्याही घरी होते, फक्त फार मोठे.

जगदीशचंद्र कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये शिकले. तिथे फादर लाफाँ पदार्थविज्ञान शिकवत आणि पुस्तकापेक्षा प्रयोग दाखवण्यावर त्यांचा भर असे. 1880 मध्ये जगदीशचंद्र डॉक्टर व्हायला लंडनला गेले. आसामात लागलेला काळा आजार पाठ सोडत नव्हता, त्यात शवविच्छेदनाच्या खोलीतला वास. वैद्यकी सोडावी लागली. मग केंब्रिजला ख्राइस्ट्स कॉलेजात विज्ञान घेतले. तिथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू लाभले. 1884 मध्ये केंब्रिज आणि लंडन अशा दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या घेतल्या आणि 1885 मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

त्या काळी हिंदी प्राध्यापकाला गोऱ्याच्या दोन तृतीयांश पगार मिळे. नेमणूक हंगामी, म्हणून त्याचेही निम्मे. म्हणजे हातात एक तृतीयांश. जगदीशचंद्रांनी नोकरी सोडली नाही, अर्जही खरडत बसले नाहीत. शिकवण्यात खंड पडू दिला नाही आणि तीन वर्षे पगाराला हात लावला नाही. दरम्यान 1887 मध्ये लग्न झाले होते, डोक्यावर वडिलांचे कर्ज होते. नवराबायको कोलकात्यातले भाडे परवडेना म्हणून चंदननगरला राहू लागले. तिथून रोज हुगळी नदी लहान होडीने ओलांडून पलीकडची गाडी पकडायची, आणि होडी परत न्यायला अबलादेवी स्वतः वल्ही मारत. आपल्यापैकी जे रोज लोकलने हावड्याला किंवा सियालदहला येतात त्यांनी हे डोळ्यांपुढे आणून पाहावे. शेवटी सरकार नमले आणि तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी मिळाला. तो वडिलांच्या कर्जात गेला. पुढच्या काही वर्षांत कर्ज पूर्ण फिटले. वडिलांचे अर्धवट राहिलेले काम मुलाने आधी पुरे केले, मगच स्वतःचे सुरू केले.

ते सुरू झाले 1894 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी. हे विशेष सांगतो, कारण आपल्यातले बरेच जण चाळिशीला पोचण्याआधीच आता काय नवीन शिकायचे म्हणतात. त्याच वर्षी जर्मनीचे हाइनरिश हर्ट्झ वारले, तेही 36 वर्षांचे होते. विद्युत ठिणगीपासून अदृश्य लहरी निघतात आणि त्या प्रकाशासारख्या वागतात, हे हर्ट्झ यांनी 1888 पर्यंत सिद्ध केले होते. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी त्यांच्या कार्यावर व्याख्यान दिले, पुढे ते छापून आले आणि जगदीशचंद्रांच्या वाचनात आले.

इथे त्यांच्या अडचणी पाहा. कॉलेजात प्रयोगशाळा म्हणून मिळाली ती न्हाणीघराला लागून असलेली जेमतेम 24 चौरस फुटांची खोली. संशोधनासाठी पैसा नाही, दिवसभर तासांवर तास. उपकरणे बनवणारा कारागीर नाही. त्यांनी टिनपत्र्याचे काम करणारा एक माणूस गाठला, त्याला हाताशी धरून शिकवले आणि खर्च खिशातून केला. पण खोलीचे काय? हर्ट्झच्या लहरी 66 सेंटिमीटर लांबीच्या होत्या. अशा लहरीचा किरण वाकवून दाखवायचा तर काचेचा छोटा लोलक चालत नाही. हर्ट्झ यांनी डांबराचा लोलक ओतला होता, दीड मीटर उंच आणि सुमारे 600 किलो वजनाचा. असला लोलक त्या खोलीत शिरला असता तर प्राध्यापकांना बाहेर उभे राहावे लागले असते.

खोली मोठी करता येत नव्हती, म्हणून त्यांनी लहर लहान केली. मला विचाराल तर सगळी हुशारी इथे आहे. 5 ते 25 मिलिमीटर लांबीच्या लहरी त्यांनी निर्माण केल्या. लहर लहान झाली की आरसा लहान, लोलक लहान, भिंग लहान, आणि सगळा संसार एका टेबलावर मावतो. आजच्या भाषेत 5 मिलिमीटर म्हणजे 60 गिगाहर्ट्झ. 1895 मध्ये! मी डिप्लोमाला असताना मायक्रोवेव्हच्या पेपरात जे वेव्हगाइड आणि हॉर्न अँटेना वाचले, ती बोसांनी त्या टेबलावर साध्या नळीच्या आणि चौकोनी नरसाळ्याच्या रूपात वापरली होती.

आता थोडे यंत्राबद्दल लिहितो, तांत्रिक वाटले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. ठिणगीने लहर निर्माण होते, पण सतत ठिणग्या उडाल्या की धातूचे गोळे खडबडीत होतात आणि लहर बिघडते. बोसांनी गोळ्याला प्लॅटिनम वापरले आणि सतत थरथरणारा इंटरप्टर काढून टाकला. त्याऐवजी तारायंत्रासारखी कळ ठेवली. कळ दाबली की एकच ठिणगी, एकच झोत. कॉइलमधून बाहेर पडणारा चुंबकीय आणि विद्युत गोंधळ शेजारच्या रिसीव्हरला त्रास देतो, म्हणून कॉइल आणि बॅटरी धातूच्या दुहेरी पेटीत बंद केल्या आणि झोत बाहेर पडायला तेवढी एक नळी ठेवली. रिले रूममध्ये शिल्डिंग आणि अर्थिंगशी झगडलेल्या माणसाला ही पेटी पाहून हात जोडावेसे वाटतील.

रिसीव्हरची गोष्ट याहून छान. त्या काळी सगळे जण काचेच्या नळीत लोखंडाचा कीस भरून लहर पकडत. लहर आली की कीस एकमेकांना चिकटून वीज वाहू देई आणि पुढच्या लहरीसाठी नळीला टिचकी मारावी लागे. हा कीस फार लहरी, आज चालेल तर उद्या नाही. बोसांनी कीस फेकून दिला आणि एका उथळ खाचेत बारीक पोलादी स्प्रिंगांची ओळ मांडली. शेवटी एक स्क्रू. स्क्रू फिरवून दाब कमीजास्त करायचा आणि हवी तेवढी संवेदनक्षमता आणायची. जे नशिबावर होते ते ॲडजस्टमेंटवर आणले. बंगालच्या दमट हवेत पोलादाला गंज चढतो ही डोकेदुखी होतीच. इथल्या पावसाळ्यात रिलेचे कॉन्टॅक्ट घासणाऱ्या आमच्या खलाशांना ती वेगळी सांगायला नको.

आणि आता वेळापत्रक. प्रकाशासारखे या लहरींचेही ध्रुवीकरण होते का, हा प्रश्न होता. म्हणजे असे, की गजांच्या फाटकातून पातळ फळी उभी धरली तर जाते, आडवी धरली तर अडते. लहरीसाठी असे फाटक हवे. बाजारात मिळत नव्हतेच. बोसांनी ब्रॅडशॉचे रेल्वे वेळापत्रक घेतले आणि पानापानांत कथिलाचा वर्ख घातला. झाले फाटक! पुस्तक एका दिशेने धरले की लहर आरपार, काटकोनात फिरवले की बंद. पुढे त्यांना आढळले की वर्ख न घालताही नुसत्या पुस्तकाच्या पानांचा थोडासा असाच परिणाम होतो. नंतर त्यांनी बंगालचे पीक असलेल्या तागाच्या जुड्या घेतल्या. पीळ उजवीकडे दिला तर लहरीची पातळी एकीकडे फिरते, डावीकडे दिला तर दुसरीकडे. साखरेच्या द्रावणातून जाताना प्रकाशाचे जे होते त्याची ही सुतळीतली प्रतिकृती, 1898 मधली. गंधकाचे लोलक केले. दोन लोलकांमधली हवेची फट कमीजास्त करून झोताची तीव्रता बदलता येते हे 1897 मध्ये दाखवले.

लक्षात घ्या, हे सगळे सुमारे चार वर्षांत. एक प्रश्न घ्यायचा, तेवढ्यापुरते यंत्र करायचे, उत्तर आले की लिहून पाठवायचे आणि पुढच्या प्रश्नाला लागायचे. पहिला निबंध मे 1895 मध्ये एशियाटिक सोसायटीत वाचला. त्याच सुमारास टाउन हॉलमध्ये लेफ्टनंट गव्हर्नरसाहेबांसमोर जाहीर प्रयोग झाला. लहर भिंतींतून पलीकडच्या खोलीत गेली, तिथली घंटा वाजली आणि बंदुकीची दारू पेटली. 1896 मध्ये यंत्र बांधून इंग्लंडला नेले. लिव्हरपूलच्या ब्रिटिश असोसिएशनमध्ये व्याख्यान झाल्यावर वयोवृद्ध लॉर्ड केल्विन लंगडत जिना चढून बायकांच्या गॅलरीत गेले आणि अबलादेवींचे हात हातात घेऊन त्यांचे अभिनंदन केले. जानेवारी 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारचे संध्याकाळचे व्याख्यान झाले. प्रत्येक वेळी तारीख आधी ठरलेली आणि सभागृह भरलेले. अशा वेळी यंत्र चालावेच लागते. आमच्या मूषकाचे दिवेही असेच चालले. (या गडबडीत 1896 मध्ये त्यांनी एक गोष्टही लिहिली. एका केशतेलाच्या कंपनीची स्पर्धा होती. गोष्टीत समुद्रावर बाटलीभर तेल ओतल्याने चक्रीवादळ शांत होते. बक्षीस मिळाले.)

यानंतर येतो तो भाग, ज्यावर आमच्या कँटीनमध्ये बंगाली सहकाऱ्यांशी वाद होतात. त्यांच्या मते रेडिओ जगदीश बोशूंचा आणि मार्कोनीने तो पळवला. 1899 मध्ये बोसांनी लोखंड आणि पाऱ्याच्या संपर्कावर चालणारा, टिचकी न मारता आपोआप सावरणारा आणि टेलिफोनला जोडलेला रिसीव्हर रॉयल सोसायटीपुढे मांडला. डिसेंबर 1901 मध्ये मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकला तो पाऱ्याच्याच अशा रिसीव्हरवर, जो त्याला इटलीच्या नौदलातल्या मित्राकडून मिळाला होता. या दोहोंचे साम्य 1998 मध्ये अमेरिकेच्या आय.ई.ई.ई.च्या नियतकालिकात सविस्तर मांडले गेले. तेव्हा ऋण होतेच, आणि ते मान्य झाले नाही हा अन्यायही खरा. पण 5 मिलिमीटरची लहर समुद्र ओलांडत नाही, पृथ्वीच्या गोलाईपुढे तिचे काही चालत नाही. मार्कोनीला अंतर हवे होते, म्हणून तो लहर लांब करत गेला. बोसांना स्वभाव समजून घ्यायचा होता, म्हणून त्यांनी ती आखूड केली. दोघांची कामे वेगळी होती आणि दोघांनीही आपापले पुरे केले असे माझे मत आहे. यावरून कँटीनमध्ये माझा चहा दोनदा बंद झाला.

पेटंटबाबत मात्र माझे मन अजून दोन्हीकडे झुकते. गॅलिना हे शिशाचे खनिज. त्याच्या स्फटिकावर टोकदार संपर्क ठेवला तर लहर पकडता येते, हे बोसांनी शोधले. शोधाचे पैसे करणे त्यांना पटत नव्हते. 1901 मध्ये बिनतारी यंत्रांच्या एका धनिक कारखानदाराने भागीदारी देऊ केली तेव्हा त्या हावेचा त्यांना उबग आला, तसे त्यांनी रवींद्रनाथांना कळवले. पण भगिनी निवेदिता आणि त्यांच्या अमेरिकन स्नेही सारा बुल मागे लागल्या, अर्ज झाला आणि 29 मार्च 1904 रोजी अमेरिकेचे पेटंट मिळाले. अर्धवाहकाच्या उपकरणाचे हे अगदी पहिल्या पेटंटांपैकी एक. पुढे घरोघरी पोरांनी जे क्रिस्टल रेडिओ केले त्यात हाच गॅलिनाचा खडा असे. बोसांनी त्यातून काही मिळवायचा प्रयत्न केला नाही, मुदत तशीच संपू दिली. हे मनाचे मोठेपण. पण एखादा छोटा कारखाना कोलकात्यात तेव्हा निघाला असता तर? त्यांच्या वडिलांनी असले कारखाने काढून हात पोळून घेतले होते आणि ते कर्ज मुलाने फेडले होते. कदाचित उत्तर तिथे असेल.

मग ते रेडिओ सोडून झाडांकडे कसे गेले? पुष्कळांना वाटते की मधेच मन उडाले. तसे नाही. रिसीव्हर सतत वापरला की तो दमतो, म्हणजे त्याचा प्रतिसाद मंदावतो, आणि विश्रांती दिली की पुन्हा ताजा होतो, असे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या कोणी दोष म्हणून स्क्रू आवळला असता. बोसांनी त्या थकव्याचा आलेख काढला. तो थकलेल्या स्नायूच्या आलेखासारखा दिसला. धातू दमतो, स्नायू दमतो, मग मधल्या वनस्पतीचे काय? 1900 च्या पॅरिस परिषदेत त्यांनी हे मांडले. 1901 मध्ये लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला, पदार्थविज्ञानाच्या माणसाने आमच्या शेतात येऊ नये असा एकूण सूर, आणि रॉयल सोसायटीने निबंध छापायचा थांबवला. त्यांनी 1902 मध्ये स्वतःचे पुस्तक काढले आणि पुन्हा यंत्रे करायला बसले. वनस्पतीची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यातूनच झाला. 1920 मध्ये लंडनमध्ये त्यावर शंका घेतली गेली तेव्हा शास्त्रज्ञांसमोर तो चालवून दाखवला. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. झाडांबद्दलचे त्यांचे सगळेच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, रस वर कसा चढतो याबद्दलचे तर नाहीतच. झाडांत विद्युत संदेश वाहतात हे मात्र आज सर्वमान्य आहे.

30 नोव्हेंबर 1917 रोजी, आपल्या 59 व्या वाढदिवशी, त्यांनी बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीहला त्यांचे निधन झाले, 79 वा वाढदिवस आठवड्यावर आला होता. 2012 मध्ये आय.ई.ई.ई.ने त्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांची नोंद आपल्या ऐतिहासिक टप्प्यांत केली. त्यांची यंत्रे आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवरच्या इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयात आहेत. मी मुलीला घेऊन गेलो होतो. काचेपलीकडची यंत्रे अपेक्षेपेक्षा फारच लहान दिसतात. मुलीने विचारले की हे घरी होईल का.

त्या दिवशी 'अपूर्णांक' उघडले. दारापाशी माणूस आला की दिवा लावणारी दोन स्वस्त रडार मॉड्यूल त्यात पडून होती, 10 गिगाहर्ट्झची, म्हणजे साधारण 3 सेंटिमीटरची लहर. एकाला वीज दिली, दुसरे नुसतेच समोर ठेवून त्याच्या डायोडला मिलिव्होल्टचा मीटर लावला. मधे 'ट्रेन्स ॲट अ ग्लान्स'चा एक जुना अंक आणि पानांमध्ये स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची फॉइल. पहिल्या दिवशी काहीच होईना. फॉइल पानांच्या कडेपर्यंत पोचत नव्हती आणि लहर पुस्तकाला वळसा घालून जात होती. कडेने पत्र्याची चौकट केली, अंक पुन्हा मधे धरला आणि मुलीने तो हळूहळू काटकोनात फिरवला. मीटरचा काटा खाली आला. परत फिरवला, वर चढला. सौ. फॉइलचे रीळ शोधत तिथे आल्या आणि त्यांनीही एकदा फिरवून पाहिले. यंदा स्थापनेपासून तिसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर, हे सगळे मंडपाशेजारच्या टेबलावर मांडलेले असेल. लहान मुलांनी पुस्तक जरूर फिरवावे, फक्त मॉड्यूलच्या तारांना हात लावू नये, त्या अजून पक्क्या सोल्डर व्हायच्या आहेत.